टाचण्या लावलेली पानं

आमच्या बचत गटाच्या मीटिंगला येणाऱ्या एक काकू गोष्टी लिहितात. कशावर, तर किराणा दुकानाच्या बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर! एकदा मी त्यांना विचारलं, काकू, तुम्हाला हे सगळं सुचतं तरी कसं? त्यावर त्या हसल्या. सुचायचं काय गं, ते कणीक मळतानाही सुचतं, लिहायला बसायचं कधी ते विचार, असं त्यांचं उत्तर होतं. घरी येताना मला सारखी जेन ऑस्टिन आठवत होती. बी.ए.ला 'प्राइड अँड प्रेज्युडिस' अभ्यासाला होती तेव्हा गाइडमधून घोकून पेपर लिहिला होता. जेन खरी कळली ती पुढे, संसाराची दहा-बारा वर्षं झाल्यावर.

जेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ चा. इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यात स्टीव्हन्टन नावाचं खेडं आहे, तिथे तिचे वडील चर्चचे पाद्री होते. सहा भाऊ आणि दोन बहिणी असं भरलेलं घर. शिवाय वडील चार पैसे जोडायला शिकवण्यासाठी मुलं घरीच ठेवून घेत, म्हणजे पानावर बसणारी तोंडं आणखी वाढली. पण घरात पुस्तकं भरपूर होती आणि मुलींनी काय वाचावं यावर वडिलांचा पहारा नव्हता. दहा-बारा वर्षांची असल्यापासून जेन घरच्यांना हसवायला विनोदी गोष्टी लिहायची, रात्री त्या मोठ्यानं वाचल्या जायच्या. विशी-एकविशीत तिनं एक अख्खी कादंबरी लिहिली, 'फर्स्ट इम्प्रेशन्स'. वडिलांनी १७९७ मध्ये लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र पाठवून विचारलं. त्यानं हस्तलिखित न मागवताच उलट टपाली नकार कळवला. हीच कादंबरी पुढे 'प्राइड अँड प्रेज्युडिस' झाली, बरं का!

तिच्याकडे लिहिण्याची एक लाकडी पेटी होती. आपल्याकडे पूर्वी दुकानात मुनीमजींपुढे असायची ना, तशी उतरत्या झाकणाची. १७९८ मध्ये प्रवासात ती पेटी चुकून दुसऱ्याच घोडागाडीत चढवली गेली आणि निघाली की वेस्ट इंडीजच्या वाटेला! माणूस घोड्यावरून मागे धाडला, तेव्हा दोन-तीन मैलांवर मिळाली. त्यात तिचे सात पौंड होते, तेवढीच काय ती तिची पुंजी. आज ती पेटी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

मग १८०१ साल उजाडलं. वडिलांनी निवृत्त होऊन बाथ शहरात राहायचं ठरवलं. मुलींना विचारलं वगैरे काही नाही, नुसतं सांगितलं. पुस्तकं विकली, जेनचा पियानो विकला, बिऱ्हाड हललं. पुढची आठ वर्षं ती या घरातून त्या घरात फिरत राहिली. मधे १८०२ मध्ये एका सधन घरच्या मुलानं मागणी घातली. तिनं संध्याकाळी होकार दिला आणि रात्रभर विचार करून सकाळी मोडला. तेव्हा ती सत्ताविशीला टेकली होती. त्या काळी हा किती मोठा जुगार! जमिनीचा मालक झालेला नवरा म्हणजे आई नि बहिणीच्याही पोटापाण्याची सोय होती. १८०५ मध्ये वडील गेले आणि तिघी बायका भावांच्या मदतीवर आल्या. भाऊ चांगले होते, पण कोणाकडे किती दिवस राहायचं याचे हिशेब मनात चालूच राहतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

या आठ वर्षांत तिच्या हातून फारसं काही झालं नाही. 'द वॉटसन्स' नावाची कादंबरी सुरू केली ती अर्धवट सोडली. 'सुझन' नावाची एक तयार होती, ती १८०३ मध्ये एका प्रकाशकानं दहा पौंडांना विकत घेतली आणि छापलीच नाही. अभ्यासक या काळाची बरीच कारणं देतात. मला विचाराल तर, ज्या बाईला स्वतःचा कोपरा नाही आणि उद्या कुठे असू हे माहीत नाही, तिनं कादंबरी लिहावी तरी कुठे बसून?

१८०९ मध्ये चित्र पालटलं. श्रीमंत नातलगांना दत्तक गेलेला भाऊ एडवर्ड यानं चॉटन गावातलं एक घर आईला नि बहिणींना राहायला दिलं. आई, जेन, मोठी बहीण कॅसांड्रा आणि मैत्रीण मार्था लॉइड अशा चौघी तिथे राहायला आल्या. घरात कामाची माणसं होती, नाही असं नाही, पण घर चालवायचं म्हणजे कोणीतरी लक्ष घालावंच लागतं. म्हातारी आई बागेत बटाटे खणायची. स्वयंपाकघर नि बाकीचा पसारा कॅसांड्रा आणि मार्थानं उचलला. जेनकडे सकाळच्या न्याहारीचं काम आणि चहा-साखरेच्या कपाटाच्या किल्ल्या. पहाटे पियानो, मग नऊची न्याहारी, की ती मोकळी.

या मार्थाविषयी कोणी फारसं बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. तिची पाककृतींची वही अजून आहे, त्यात आपल्याकडच्या पद्धतीची करीसुद्धा लिहिलेली आहे! मार्थानं नि कॅसांड्रानं घर ओढलं म्हणून एका वेलांटीची तरी भर आपल्या कपाटातल्या पुस्तकांत पडली, असं मी धरून चालते.

घर मिळाल्यावर दोन वर्षांत पहिलं पुस्तक आलं. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी', १८११, लेखिकेचं नाव नाही, नुसतं एका बाईनं लिहिलेलं एवढंच. तेही पदरमोड करून! तोटा येणार म्हणून तिनं थोडे पैसे बाजूलाही काढले होते. झाला १४० पौंड नफा. १८१३ मध्ये 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आली, तिचे हक्क मात्र ११० पौंडांना विकून बसली. मग १८१४ मध्ये 'मॅन्सफील्ड पार्क' आणि १८१५ च्या अखेरीस 'एमा'.

ती लिहायची कशी? खिडकीजवळ एक छोटंसं बारा कोनांचं टेबल होतं, आपल्या चहाच्या टीपॉयएवढं. कागदाचे लहान तुकडे, कोणी आलं की पटकन टीपकागदाखाली सरकवता येतील असे. पुतण्यानं नंतर लिहून ठेवलंय की खोलीचं दार कुरकुरायचं आणि ते दुरुस्त करायला तिनं नकार दिला, कारण कोणी येतंय ते आधी कळायचं. ही गोष्ट सगळेच सांगतात. मला त्याहून तिच्या टाचण्या आवडतात. 'द वॉटसन्स'ची पानं उरली आहेत. त्यात मजकूर वाढवायचा असेल तिथे तिनं वेगळ्या कागदाचा तुकडा लिहून शिवणाच्या टाचणीनं जागच्या जागी टाचलाय. फाटक्या झग्याला ठिगळ लावावं तसा. 'पर्स्वेजन'चा शेवट तर १८१६ मध्ये लिहून झाल्यावर आवडला नाही म्हणून तिनं नव्यानं लिहिला.

विषयाच्या बाबतीतही ती पक्की होती. राजपुत्राच्या ग्रंथपालानं तिला राजघराण्यावर ऐतिहासिक कादंबरी लिहायचं सुचवलं, तिनं नम्रपणे नकार दिला. भाचीला मात्र सल्ला दिला की खेड्यातली तीन-चार कुटुंबं घे, पुरेत. जिथल्या रीतिभाती ठाऊक नाहीत तिथे पात्रं पाठवू नकोस.

चॉटनमध्ये सगळं गोड होतं असंही नाही. १८१६ च्या सप्टेंबरात घरात पाहुणे राहून गेले. तेव्हा तिनं कॅसांड्राला कळवलं की डोक्यात मटणाचे तुकडे आणि औषधाची रेवंदचिनी भरलेली असताना काही रचणं मला अशक्य वाटतं. तोवर ती चार कादंबऱ्यांची लेखिका होती!

त्याच वर्षी तब्येत ढासळू लागली. जानेवारी १८१७ मध्ये तिनं नवी कादंबरी घेतली, १८ मार्चला लेखणी थांबली ती थांबलीच. उपचारांसाठी विंचेस्टरला नेलं, १८ जुलैला ती गेली. वय एक्केचाळीस. कॅसांड्रा शेवटपर्यंत उशाशी होती. तिथल्या रीतीप्रमाणे बायका अंत्ययात्रेला जात नसत, म्हणून तिनं खिडकीतूनच धाकट्या बहिणीला जाताना पाहिलं. थडग्याच्या दगडावर जेनच्या गुणांचं वर्णन आहे, कादंबऱ्यांचा उल्लेखच नाही.

आणि ती 'सुझन'? १८१६ मध्ये भाऊ हेन्रीनं त्याच दहा पौंडांना ती परत घेतली. पैसे चुकते झाल्यावरच प्रकाशकाला सांगितलं की ही 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वालीचीच आहे. जेन गेल्यावर डिसेंबरात ती 'नॉर्थँगर अ‍ॅबी' या नावानं छापून आली, आणि त्या पुस्तकातच हेन्रीनं तिचं नाव पहिल्यांदा जाहीर केलं. इंग्लंडच्या बँकेनं २०१७ मध्ये जेनचं चित्र असलेली नोट काढली. ती नेमकी दहा पौंडांची आहे, आणि तिच्यावर ते बारा कोनांचं टेबलही आहे.