पंडिता क्षमाबाई राव

लग्न झाले, मूल झाले, की बाईचा खेळ संपला, असे आपण बायकासुद्धा धरून चालतो. म्हणून क्षमाबाईंचे चरित्र भगिनींपुढे ठेवावेसे मला वाटले.

त्यांचा जन्म १८९० साली पुण्यास झाला. वडील शंकर पांडुरंग पंडित मोठे संस्कृत विद्वान. तुकोबांची गाथा त्यांनी संपादिली होती. क्षमाबाई अगदी लहान असतानाच ते वारले. पुढे मुंबईच्या डॉ. राघवेंद्र राव यांच्याशी विवाह झाला. संसारात पडूनही क्षमाबाईंनी हाती टेनिसची रॅकेट धरली आणि या खेळात विजेतेपद मिळविले.

त्यांची कन्या लीला हीही टेनिसच खेळू लागली. १९३४ साली इंग्लंडात विंबल्डनच्या स्पर्धेत तिने पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तेथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री.

क्षमाबाईंची लेखणीही थांबली नव्हती. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ रचली. ती १९३२ साली पॅरिसला छापली गेली. ज्या वडिलांचा सहवास फारसा लाभला नाही, त्यांचे चरित्रही त्यांनी संस्कृत श्लोकांत लिहिले. १९५४ साली त्या निवर्तल्या.

आपल्या कर्जत-खालापुरातल्या मुली शाळेत खो-खो, कबड्डी हिरिरीने खेळतात. लग्नानंतर मात्र मैदानावर दिसत नाहीत. सुनेला संध्याकाळी तासभर खेळावेसे वाटले, तर तेवढा वेळ आपण सासवांनी स्वयंपाक पाहावा. एवढे केले तरी क्षमाबाईंचे स्मरण केल्यासारखे होईल.