पहिल्या डिझेल इंजिनाला पाणीच नव्हतं

बीडहून सोलापूरकडे निघालेला भरलेला ट्रक पाली गाव मागे टाकतो आणि मांजरसुंब्याच्या घाटाला लागतो. मे महिन्यातली दुपार असेल, तर इथे ड्रायव्हरचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा पाण्याच्या काट्यावर असतो. काटा लाल पट्ट्याकडे सरकला की गाडी कडेला घ्यायची, केबिन उचलायची आणि वाट बघायची. ज्याचं नाव या इंजिनाला मिळालं, त्या रुडॉल्फ डिझेल यांची सुरुवातीची समजूत मात्र अशी होती की, आपल्या इंजिनाला थंड करण्यासाठी पाणी लागणारच नाही.

डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये, बव्हेरियातून आलेल्या एका कारागिराच्या घरी झाला. वडील चामडी वस्तू तयार करत. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. आई-वडील लंडनला गेले आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं. तिथून तो म्युनिकच्या तंत्रशाळेत पोहोचला. बर्फाची यंत्रं बनवणारे कार्ल फॉन लिंडे तिथे त्याचे प्राध्यापक होते. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावतं, बाकीची वाया जाते, हे त्याला लिंडे यांच्या वर्गात कळलं. ही नासाडी त्याच्या डोक्यात जी बसली, ती कायमची.

१८७९ मध्ये शेवटच्या परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला. परीक्षा हुकली. पुढची येईपर्यंत त्याने स्वित्झर्लंडमधल्या एका यंत्रकारखान्यात हात काळे केले आणि १८८० च्या जानेवारीत उत्तम गुणांनी पदवी घेतली. मग बरीच वर्षं लिंडे यांच्या बर्फयंत्रांच्या धंद्यात नोकरी. उष्णतेचं इंजिन शोधणारा हा माणूस पोटासाठी थंडी विकत होता, असंही म्हणता येईल.

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. दाबलेली हवा गरम होते. डिझेल यांची कल्पना याच गोष्टीवर उभी होती. हवा इतकी दाबायची की त्यात सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटावं. १८९३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. कागदावरचं गणित आणखी पुढे जात होतं. इंधन इतक्या बेताने सोडायचं की जळताना तापमान वाढूच नये. मग सिलिंडर फार तापणार नाही आणि पाण्याबरोबर उष्णता फेकूनही द्यावी लागणार नाही. त्यामुळे ऑग्सबर्गच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या चाचणी-इंजिनाच्या सिलिंडरभोवती पाणी खेळवण्याची सोयच नव्हती.

१० ऑगस्ट १८९३ रोजी त्यात पहिल्यांदा इंधन सोडलं. ते पेटलं, दाब एकदम चढला आणि दाब मोजणारं उपकरणच फुटून उडालं. डिझेल थोडक्यात बचावले. इंजिन स्वतःच्या बळावर फिरलं नाही, पण दाबलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं हे सिद्ध झालं. तापमान न वाढता जळणारं इंधन मात्र कागदावरच राहिलं. ते गणित त्यांना सोडावं लागलं आणि नंतरच्या रचनेत सिलिंडरभोवती पाणी आलं. आपला लाडका सिद्धांत स्वतःच मोडीत काढणं सोपं नसतं. त्यांनी ते केलं, म्हणून इंजिन जन्माला आलं. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते साधारण मिनिटभर स्वतःहून फिरलं. बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक मोरित्स श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. इंधनातली २६ टक्क्यांहून थोडी जास्त उष्णता कामाला लागत होती. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून हे अधिक होतं.

म्हणजे तीन-चतुर्थांश उष्णता तरीही वाया जात होतीच. आजच्या ट्रकमध्ये हा हिशेब बराच सुधारला आहे, तरी ढोबळमानाने एक वाटा चाकांना, एक धुराला आणि एक पाण्याला असाच तो मांडतात. तो शेवटचा वाटा बाहेर पडायचा थांबला की घाटात काटा चढतो.

काटा चढणं हा ताप आहे, रोग नव्हे. मुरलेला मिस्त्री आधी विचारतो, ताप कधी येतो? गाडी उभी असताना चढतो आणि पळाली की उतरतो, तर पंखा किंवा त्याचा पट्टा बघायचा. चढावर, भरलेल्या गाडीतच येत असेल, तर रेडिएटर धुळीने आणि पाचटाने बाहेरून किंवा क्षारांनी आतून बुजलेला असू शकतो. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलं की किटलीत धरतो तसा थर तिथेही धरतो. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला, तर वरचा पाइप चटका देतो आणि रेडिएटरचा खालचा भाग थंडच लागतो.

दुसरा प्रश्न, पाणी जातं कुठे? गाडीखाली ओल दिसली तर होज, क्लिप, पाण्याचा पंप किंवा रेडिएटर. ओल नाही आणि पाणी तर रोज कमी होतंय, ही खरी काळजीची गोष्ट. ते आत जातंय. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, ऑइल दुधाळ झालेलं, ही हेड गॅस्केट उडाल्याची किंवा हेडला तडा गेल्याची लक्षणं. डिझेल इंजिनाचं आणखी एक खास दुखणं आहे. स्फोटांच्या हादऱ्याने लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूला टोचे पाडत थेट भोक पाडतात. नुसतं पाणी भरण्याऐवजी योग्य कुलंट वापरायचं ते या टोच्यांसाठी आणि गंजासाठीही. नुसतं उकळू नये एवढंच त्याचं काम नाही.

घाटात माणसं जखमी होतात ती मात्र झाकणामुळे. बंद रेडिएटरमध्ये दाब असतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि वाफ थेट तोंडावर येते. इंजिन निवेपर्यंत, अर्धा तास किंवा अधिक, झाकणाला हात लावायचा नाही आणि तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतायचं नाही. हेड तडकतं. भाजलंच तर जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. शिवाय बहुतेक कुलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं. ते पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलं तर एखादं मूल पिऊ शकतं, आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

डिझेल यांना पैसा मिळाला, मान मिळाला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या पद्धतीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. पण पेटंटचे खटले, चुकलेली गुंतवणूक आणि डोकेदुखी यांनी त्यांना पोखरलं. मानसिक थकव्यासाठी त्यांना आरोग्यधामात राहावं लागलं होतं. इंजिनाच्या तापाची कारणं वर्षानुवर्षं शोधणाऱ्या या माणसाने स्वतःचं दुखणं घरच्यांपासूनही बरंचसं लपवलं. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ जहाजावर ते जेवून खोलीकडे गेले. सकाळी बिछाना तसाच होता. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या की आणखी काही, हा वाद अजून मिटलेला नाही. तेव्हा त्यांचं वय ५५ होतं, आणि त्यांचं इंजिन अजून ट्रकमध्ये बसायचं होतं. ते व्हायला आणखी दहा वर्षं लागली.