भिंत नसलेला तुरुंग

सूर्यनमस्कार घराघरांत नेणारे औंधचे राजे म्हणून भवानराव पंतप्रतिनिधींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १८६८ साली जन्मलेले बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर आले. संस्थान लहानसं, आजच्या सातारा-सांगली भागातलं. राजे मात्र हौशी. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, शाळेतल्या मुलामुलींना सूर्यनमस्कार घालायला लावायचे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यासाठी माळरान त्यांनीच दिलं. १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी कारभार प्रजेच्या हाती सोपवला.

मला मात्र त्यांचं सगळ्यात धाडसी काम वाटतं ते आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रीडमन या इंजिनिअरच्या साथीने त्यांनी तिथे कैद्यांची वसाहत उभी केली. खुनासारख्या गुन्ह्याची शिक्षा भोगणारी माणसं, पण ना उंच भिंत, ना बेड्या. शेती करायची आणि माणसासारखं राहायचं. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' आला.

सुटून आलेला माणूस पुन्हा हात का उगारतो? कुणी लहानपणापासून मारच पाहिलेला असतो, त्याला रागाची दुसरी भाषा येत नाही. त्यात दारू. तुरुंगात काय खायचं, कधी झोपायचं, सगळं दुसरा ठरवतो. स्वतःचं स्वतः ठरवायची सवयच मोडते. तोवर घरची माणसं दुरावतात. बाहेर काम नाही, मान नाही. 'ये, बस' म्हणणारे फक्त जुने सोबती. मग साधा टोमणाही जिव्हारी लागतो. स्वतंत्रपूरने नेमकं इथेच बोट ठेवलं. हाताला काम दिलं, विश्वास दिला. पुढे तर बायकामुलांसह राहायची सोयही झाली.

म्हणून प्रत्येक कैद्याला मोकळं सोडा, असं नाही. काहींना भिंत लागतेच. खुल्या तुरुंगातही माणसं वागणूक पाहून, पारखूनच घेतात.

आमच्या सालवडला तारापूरच्या कारखान्यांमुळे खोल्या भाड्याने देणं हा घरोघरचा जोडधंदा. चौकशी आम्ही बायकाच करतो. गाव कुठलं, नोकरी कुठे, नवरा काय करतो. 'जेलमधून सुटून आलाय' म्हटलं की खोली लगेच 'दिलेली' असते. भीती खोटी नाही, घरात आपल्याही लेकी असतात. पण शिक्षा त्याला झाली होती, दारोदार फिरते ती त्याची बायको, काखेत पोर घेऊन. तिला घर मिळालं नाही, तर तो राहणार कुणाकडे?

बाळासाहेब १९५१ मध्ये गेले, संस्थान त्याआधीच विलीन झालं होतं. स्वतंत्रपूर मात्र पुढे सरकारच्या तुरुंग खात्याने चालू ठेवलं. राजाने जमीन दिली होती; आपल्याकडे फार तर दहा बाय दहाची खोली. निदान 'नाही' म्हणायच्या आधी त्या बाईला ओट्यावर बसवून तिचं म्हणणं ऐकून घेऊ या.