यशा हायफेट्झ आणि रोजची सरगम



मुलाला संगीताच्या क्लासला घातलं की दोन-तीन महिन्यांत घरात कुरबुर सुरू होते. अजून सा रे ग मच चाललंय, गाणं कधी बसवणार? हा प्रश्न तुम्ही ऐकला असेल, कदाचित विचारलाही असेल. म्हणून आज एका अशा माणसाची गोष्ट सांगते, जो जगातला अव्वल व्हायोलिनवादक मानला गेला आणि तरीही ज्याची सरगम कधी संपली नाही.

यशा हायफेट्झ यांचा जन्म २ फेब्रुवारी १९०१ रोजी विल्ना शहरात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज ते लिथुएनियाची राजधानी विल्नियस म्हणून ओळखलं जातं. वडील रूविन स्वतः व्हायोलिन वाजवायचे. तान्ह्या यशासमोर ते मुद्दाम बेसूर वाजवत आणि बाळ रडू लागे, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे! पण तीन वर्षांचा असताना त्याच्या हातात छोट्या मापाचं व्हायोलिन आलं, आणि सातव्या वर्षी कोव्हनो शहरात त्याने मेंडेल्सनचा कॉन्चेर्टो लोकांसमोर वाजवला.

इथे जरा थांबून व्हायोलिनची अडचण समजून घ्या. पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात. बोट योग्य जागी पडलं की सूर बऱ्यापैकी ठरलेला. व्हायोलिनच्या गळ्यावर मात्र कसलीच खूण नाही. बोट केसभर सरकलं की सूर ढळला. त्यात आणखी एक गोम आहे. तारेवर जसजसं वर जावं तसतसं दोन सुरांमधलं अंतर कमी कमी होत जातं. म्हणजे खाली शिकलेलं माप वर चालत नाही! शिवाय उजव्या हातातला गज एकसारखा, न थरथरता ओढायचा. हे सगळं बोटांत मुरवायचं तर आरोह-अवरोहाला पर्याय नाही. पाश्चात्त्य पद्धतीत मेजरचे बारा आणि मायनरचे बारा स्केल, तेही तीन-तीन सप्तकांत. ते झाले की दोन तारांवर एकदम: सा आणि ग एकत्र, मग रे आणि म एकत्र. पुढे सा आणि वरचा सा. त्याहून पुढे सा आणि वरच्या सप्तकातला ग, ज्यात पंजा अक्षरशः ताणून धरावा लागतो. आपल्या पलट्यांचीच ही भावंडं.

१९१० मध्ये यशा सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात गेला. तिथे लिओपोल्ड आवर हे मोठे गुरू होते. अडचण अशी, की ज्यू कुटुंबांना त्या शहरात परवान्याशिवाय राहता येत नसे. विद्यार्थी राहू शकत होता, आईवडील नाही. मग तोड काय काढली? वडिलांनाच आवर यांच्या वर्गात विद्यार्थी म्हणून दाखल करून घेतलं! चांगला बाप्या माणूस, पोरासोबत राहता यावं म्हणून पुन्हा विद्यार्थी झाला. मुलाच्या रियाजावर त्यांची कडक नजर असायची. त्या घरातल्या शिस्तीचं मला सरसकट कौतुक वाटत नाही, लहान वयात इतकं ओझं कुणावर टाकू नये. पण बापाने स्वतः केलेली धडपडही विसरता येत नाही.

१९१७ साली रशियात क्रांतीची धामधूम सुरू असताना हे कुटुंब सायबेरिया आणि जपानमार्गे अमेरिकेला पोहोचलं. २७ ऑक्टोबर १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सोळा वर्षांच्या यशाने व्हायोलिन वाजवलं आणि रातोरात त्याचं नाव झालं.

आता गोष्टीतला खरा कसोटीचा भाग येतो. मैफलींमागून मैफली, पैसा, कौतुक आणि नव्या देशातलं मोकळं तारुण्य! रियाज मागे पडू लागला. वाजवणं तरीही इतकं सरस होतं, की बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नाही. १९२० मध्ये लंडनला त्याला ऐकून नाटककार बर्नार्ड शॉ यांनी पत्र लिहिलं. इतकी निर्दोषता देवालाही खपणार नाही, तेव्हा रोज रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी वाईट वाजवत जा, असा त्यांचा गमतीदार सल्ला होता. आणि साधारण त्याच काळात न्यूयॉर्कच्या एका जाणत्या समीक्षकाने मात्र उलट इशारा छापला: हा मुलगा आपल्या देणगीला न्याय देत नाहीये.

वीस-एकवीस वर्षांचा, जगाने डोक्यावर घेतलेला पोरगा. तो त्या समीक्षकावर चिडून मोकळा होऊ शकला असता. पण हायफेट्झना ते मनातून पटलं, आणि ते पुन्हा रियाजाला बसले. त्या समीक्षकाबद्दल त्यांनी पुढे कृतज्ञताच बाळगली. लहानपणीचा रियाज वडिलांचा होता, हा त्यांचा स्वतःचा. आपल्या घरातल्या मुलांच्या बाबतीत ही अदलाबदल कधी होते, होते तरी का, याकडे लक्ष ठेवा. पाढे असोत की शुद्धलेखन, तीच गोष्ट.

आणि हो, किती तास, हा पालकांचा लाडका प्रश्न. दिवसाला सरासरी तीन तास आणि शक्यतो रविवारी सुट्टी, असं हायफेट्झ सांगत. अति रियाज त्यांना मुळीच मान्य नव्हता. त्यामुळे आठ-आठ तासांच्या कथा मुलांना ऐकवू नका.

पुढे साठच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ते शिकवू लागले. विद्यार्थी आधीच चांगले तयार असायचे, मोठमोठ्या रचना बसवून यायचे. सर आधी स्केल मागायचे. कुठलाही, आयत्या वेळी सांगितलेला. मग तोच दोन तारांवर. सोपा वाटणारा हा भाग भल्याभल्यांना घाम फोडायचा, कारण रचनेत झाकून जाणारा कच्चा सूर तिथे उघडा पडतो.

१९७२ मध्ये त्यांची शेवटची मैफल झाली. त्यानंतर उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली, जाहीर वादन थांबलं, पण शिकवणं चालूच राहिलं. १० डिसेंबर १९८७ रोजी ते गेले. १७४२ सालचं त्यांचं ग्वार्नेरी व्हायोलिन सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयाकडे गेलं. कार्नेगी हॉलमधल्या त्या पहिल्या मैफलीत वाजवलेलं तोनोनी व्हायोलिन मात्र त्यांनी आपल्या एका शिष्येच्या नावे ठेवलं होतं.