पंडिता रमाबाईंची विलायतेची तयारी

पिंगुळीचे चित्रकथी पोथींतील चित्रें दाखवीत गांवोगांव कथा सांगत फिरत, तसेंच अनंतशास्त्री डोंगरे यांचें कुटुंब पुराणें वाचीत देशभर फिरत असे. त्यांची कन्या रमाबाई १८५८ सालीं जन्मली. शाळा तिला ठाऊक नव्हती. संस्कृत तिला आईनें शिकविलें.

१८८२ सालीं पति बिपिनबिहारी मेधावी निवर्तले, तेव्हां बाईंच्या पदरीं तान्ही मनोरमा होती. त्याच सालीं पुण्यास हंटर कमिशनपुढें त्यांनीं साक्ष दिली, कीं येथील स्त्रियांस स्त्री-डॉक्टरांची फार गरज आहे. आपण स्वतः विलायतेस जाऊन वैद्यकी शिकावी, असें त्यांनीं मनांत धरिलें.

अडचण भाषेची व पैशाची. बाई इंग्रजी शिकूं लागल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहून त्याच्या विक्रींतून जहाजाचें भाडें उभें केलें. वाँटेज येथील सिस्टरांकडे राहावयाचें ठरलें, पण फुकट नव्हे. हिंदुस्थानांत येणाऱ्या सिस्टरांस बाईंनीं मराठी शिकवावें, असा ठराव झाला. आमच्या मतें साऱ्या तयारींत हीच गोष्ट मोठी. मिंधेपणा त्यांस नको होता.

१८८३ सालीं मनोरमा व सोबतीण आनंदीबाई भगत यांसह त्या निघाल्या. ख्रिस्ती होण्याचा त्यांचा तेव्हां विचार नव्हता. तरी त्याच सालीं २९ सप्टेंबरास वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें वैद्यकीचा बेत मात्र सोडावा लागला. मग चेल्टनमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत त्या शिकल्या व तेथेंच संस्कृत शिकवूं लागल्या. वैद्यकीची पदवी त्यांच्या नात्यांतल्या आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ च्या मार्चांत मिळविली. तो समारंभ पाहावयास रमाबाई समुद्र ओलांडून फिलाडेल्फियास गेल्या.