कापसासाठी अर्धा तास

एका वाण्याच्या घरी जन्मलेले जॉन ड्यूई (१८५९–१९५२) शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवीत. १८९६ मध्ये त्यांनी प्रयोगशाळा उघडली, ती मात्र लहान मुलांच्या शाळेची. तेथे उत्तराआधी अडचण समोर येई. लोकरीच्या मानाने सुती कापडाचा धंदा मागाहून का वाढला, हे मुलांना सांगितले गेले नाही. त्यांच्या हाती कापसाची बोंडे देण्यात आली. अर्धा तास सरकी काढूनही कापूस औंसभर भरेना, आणि कारण मुलांनीच ताडले.

पुढे विद्यापीठाच्या चालकांशी बिनसल्यामुळे १९०४ मध्ये ड्यूईंनी शिकागो सोडले. कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते, हे आपल्याकडे सर्वश्रुतच आहे. त्यांच्या शाळेकडे मात्र आपण फारसे पाहिले नाही. कापूस तर वऱ्हाडातील शाळांच्या कुंपणाशी पिकतो. वेळापत्रकात अर्धा तास तेवढा निघत नाही!