सुदाम्याचे पोहे: वऱ्हाडातल्या एका वकिलाची पात्रं पुढच्या लेखकांनी कशी वाढवली?

स्पायडरमॅन कुणाचा? स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा, हे उत्तर बरोबर आहे. पण ते अर्धंच आहे. १९६२ साली या दोघांनी तो घडवला आणि त्यानंतर कितीतरी लेखक-चित्रकारांनी तो आपल्या हाताने वाढवला. कुणी त्याला नवे शत्रू दिले, कुणी त्याचं दुःख खोल केलं. सुपरहिरो कॉमिक्सचं सगळं जगच असं चालतं. एकाने घर बांधायचं, दुसऱ्याने माडी चढवायची आणि तिसऱ्याने अंगणात झाड लावायचं.

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याकडे असलं काही नव्हतं, असं वाटत असेल तर जरा थांबा.

आपल्याकडे उडणारे हिरो नव्हते. आपल्याकडे होते तीन रिकामटेकडे मित्र. त्यांची नावं सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या. त्यांना जन्माला घातलं ते वऱ्हाडात वकिली करणाऱ्या एका माणसाने. पुढच्या लेखकांनी त्यांची नावं बदलली, त्यांना संसार दिले, मुलंबाळं दिली आणि ही परंपरा थेट दूरदर्शनच्या पडद्यापर्यंत आणून सोडली.

त्या वकिलाचं नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर.

आज हे नाव बहुतेकांना आठवतं ते शाळेत म्हटलेल्या महाराष्ट्रगीतामुळे. 'बहु असोत सुंदर' या नावाने ओळखलं जाणारं ते गीत कोल्हटकरांचंच. पण त्यांचं खरं मोठं काम वेगळंच होतं.

अकोल्याचा विद्यार्थी, अकोल्याचाच वकील

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ चा. शालेय शिक्षण अकोल्यात झालं. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. आणि १८९७ साली एलएल.बी. पदवी हातात आल्यावर ते पुण्या-मुंबईत राहिले नाहीत. त्यांनी अकोला गाठलं आणि वकिली सुरू केली. पुढे जळगाव-जामोद आणि खामगाव इथेही त्यांनी वकिली केली.

तेव्हाचं वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. मालकी कागदोपत्री निजामाची आणि कारभार इंग्रजांचा. खामगाव आणि अमरावतीपर्यंत कापसासाठी रेल्वेचे फाटे पोचले होते. पैसा खेळत होता, कोर्टकचेऱ्या वाढत होत्या आणि त्यांच्या जोडीने शिकलेला वकीलवर्गही वाढत होता. अमरावतीत दादासाहेब खापर्डे आणि रंगनाथ नरसिंह मुधोळकर ही मोठी वकील मंडळी होती. कोल्हटकर वकील झाले त्याच वर्षी, म्हणजे १८९७ साली, काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं होतं. १९१२ साली मराठी साहित्य संमेलन अकोल्यात झालं आणि त्याचे अध्यक्ष होते हरि नारायण आपटे.

थोडक्यात, वऱ्हाड पुण्यापासून लांब असलं तरी झोपलेलं नव्हतं.

आधी टीका, मग नाटक

कोल्हटकर साहित्यात आले ते टीकाकार म्हणून. कॉलेजातून बाहेर पडल्यावर, १८९३ साली, त्यांनी 'विक्रमशशिकला' या नाटकावर 'विविधज्ञानविस्तार' मासिकात सविस्तर टीका लिहिली. दुसऱ्याच्या नाटकातल्या चुका दाखवणं सोपं असतं, स्वतः नाटक लिहिणं अवघड. कोल्हटकरांनी तेही केलं. १८९६ साली त्यांचं 'वीरतनय' रंगभूमीवर आलं, ते किर्लोस्कर नाटक मंडळीसारख्या नावाजलेल्या कंपनीकडून.

तोवर संगीत नाटक म्हटलं की पौराणिक कथा हे समीकरण पक्कं होतं. कोल्हटकरांनी कल्पित कथानकं रचली. नाटकांत मोलिएर-शेरिडनच्या वळणाची विनोदी गुंतागुंत आणली. पदांसाठी पारशी कंपन्यांच्या नाटकांतल्या चटकदार चाली उचलल्या. आणि या करमणुकीच्या आत त्यांनी सुधारणेचा विचार ठेवला. 'मूकनायक' दारूच्या विरोधात, 'गुप्तमंजूष' स्त्रीशिक्षणाच्या बाजूने, 'मतिविकार' विधवाविवाहाच्या बाजूने. आगरकरांचे विचार त्यांनी नाटकाच्या तिकिटावर विकले म्हणा ना.

पण नाटकात एक अडचण होती. ते लिहायचं, कंपनीने बसवायचं, नटांनी रंगवायचं आणि मग कुठे ते लोकांपर्यंत जायचं. शिवाय प्रेक्षक बऱ्याचदा पदं ऐकायला येत. विचार गाण्याखाली दबून जायचा.

सुधारणेचं बोलणं घराघरात पोचवायचं तर दुसरी वाट हवी होती.

एक लेख आणि तीन मित्र

१९०२ साली 'विविधज्ञानविस्तारा'त 'साक्षीदार' नावाचा लेख आला. मराठीतल्या आधुनिक विनोदी लेखनाची सुरुवात इथून मोजली जाते. कोर्टात रोज साक्षी-पुरावे पाहणाऱ्या वकिलाला हे नाव सुचावं यात नवल नाही.

त्यानंतर लेख येत राहिले आणि त्यांतून सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या हे तिघं वाचकांच्या ओळखीचे झाले. यांना दुसरं काम नाही. कधी एखादा सण, कधी शकुन-अपशकुन, कधी सोवळं-ओवळं, कधी लग्नातली देणीघेणी, विषय कुठलाही चालतो. तिघं त्यात उतरतात आणि स्वतःचंच हसं करून घेतात.

युक्ती साधी होती, पण पक्की होती. लेखकाने रूढीवर थेट हल्ला केला की वाचक चिडतो आणि मासिक मिटतो. इथे लेखक बाजूला उभा आहे. बोलतोय तो सुदामा. तो रूढीची बाजू इतक्या मनापासून आणि इतक्या टोकाला जाऊन मांडतो, की ती आपोआप उघडी पडते. वाचक आधी हसतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपल्याही घरी काल हेच झालं.

एका गोष्टीकडे नीट पाहायला हवं. ज्या चालीरीतींवर हे लेख होते, त्या पाळणारा समाज कोल्हटकरांच्या अवतीभवतीच होता. जळगाव-जामोदसारख्या लहान गावात वकिलाला सगळे ओळखतात. पक्षकारही त्याच समाजातून येतात. पुण्या-मुंबईच्या गर्दीत लपण्याची सोय तिथे नव्हती. तरीही हे लेखन जवळपास दोन दशकं चाललं.

आणि सुदामा हे नाव तरी कोल्हटकरांचं कुठे होतं? तो भागवतातला, कृष्णाचा गरीब मित्र. मूठभर पोहे घेऊन द्वारकेला गेलेला. गेली कित्येक शतकं कीर्तनकार आणि कवी त्याची गोष्ट आपापल्या परीने रंगवत आले आहेत. म्हणजे कोल्हटकरांनीच आधी दुसऱ्यांचं एक पात्र उचललं, त्याला विसाव्या शतकात आणलं आणि आपल्या लेखांना 'सुदाम्याचे पोहे' हे नाव दिलं.

१९१० साली यातल्या १८ लेखांचं पुस्तक निघालं. त्याचं नाव 'अठरा धान्यांचे कडबोळे'. १९२३ साली लेख ३२ झाले, तेव्हा पुस्तकाचं नाव झालं 'सुदाम्याचे पोहे अर्थात साहित्यबत्तिशी'. बत्तीस लेख आणि हसताना दिसणारी बत्तिशी. कोटी करायची संधी कोल्हटकर सहसा सोडत नसत.

शिष्य आला आणि पात्रं पुढे सरकली

किर्लोस्कर नाटक मंडळीत एक तरुण विशीत नोकरीला लागला होता. कंपनीतल्या मुलांना शिकवणं हे त्याचं काम. त्याला नाटककार व्हायचं होतं आणि त्याने मनोमन गुरू निवडले ते कोल्हटकर. त्याचं नाव राम गणेश गडकरी.

गडकऱ्यांनी कविता 'गोविंदाग्रज' या नावाने लिहिल्या. विनोदी लेखनासाठी मात्र त्यांनी 'बाळकराम' हे नाव घेतलं. आता बाळकरामाच्या आसपासची मंडळी पाहा. तिंबूनाना आहेत, भांबूराव आहेत. तेच रिकामटेकडं त्रिकूट, तोच आपल्या मूर्खपणाचा भोळा अभिमान. सुदाम्याच्या घरातलीच ही भावंडं आहेत हे लपत नाही, आणि गडकऱ्यांनाही ते लपवायचं नव्हतं. कोल्हटकरांना ते उघडपणे गुरू मानत.

पण गडकऱ्यांनी नुसती नक्कल केली नाही. त्यांनी दोन गोष्टी वाढवल्या.

पहिली, सलग कथा. कोल्हटकरांचा लेख म्हणजे एक विषय, एक फजिती, संपलं. गडकऱ्यांनी तिंबूनानांना ठकी नावाची मुलगी दिली आणि तिच्यासाठी नवरा शोधण्याची मोहीम अनेक लेखांतून पुढे नेली. आता वाचकाला पुढे काय होतं याचीही उत्सुकता लागली.

दुसरी, काळजाला हात. ठकीच्या लग्नाची धावपळ हसवते खरी, पण मुलीचा बाप दारोदार फिरतोय आणि मुलगी बाजारातल्या वस्तूसारखी पारखली जातेय, हे हसता हसता टोचतं. गुरूच्या विनोदात बुद्धीची चमक होती, शिष्याने त्यात माणसाचं दुःख मिसळलं.

नाटकांतही हेच झालं. 'मूकनायका'त कोल्हटकरांनी दारूचा विषय घेतला होता. पुढे गडकऱ्यांनी त्याच विषयावर 'एकच प्याला' लिहिलं आणि ते मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत गाजलेल्या नाटकांत जाऊन बसलं.

२३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला गडकरी गेले. वय अवघं ३३. त्यांच्या गुरूला त्यानंतर १५ वर्षांचं आयुष्य मिळालं.

चिमणराव कुणाचा वारस?

ही साखळी गडकऱ्यांपाशी तुटली नाही. बडोद्याला नोकरी करणाऱ्या चिंतामण विनायक जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी उभी केली. चिमणराव स्वतःच स्वतःची फजिती सांगतो, अगदी सुदाम्यासारखा. फरक इतकाच की आता त्याला पूर्ण घर आहे. बायको काऊ आहे, मोरू आहे, मैना आहे. चिमणराव रूढींचा वकील राहिलेला नाही. तो महिनाअखेरीची चिंता करणारा साधा कारकून झाला आहे.

सुदामा ओट्यावर बसून वाद घालत होता. बाळकराम मित्राच्या मुलीचं लग्न जमवायला बाहेर पडला. चिमणराव घरात येऊन राहिला. मराठी विनोद तीन टप्प्यांत असा माजघरापर्यंत पोचला. १९७० च्या दशकात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी दूरदर्शनवर साकारली, तेव्हा ती पाहणाऱ्या किती जणांना हिचं मूळ अकोल्या-खामगावाकडे जातं हे ठाऊक असेल?

वि. स. खांडेकरही कोल्हटकरांना गुरू मानत. आचार्य अत्रे गडकऱ्यांना. म्हणजे अत्र्यांच्या विनोदाची वाटही दोन पावलं मागे गेलं की वऱ्हाडात निघते.

मग गुरू मागे का पडला?

कोल्हटकरांना हयातीत मान कमी मिळाला नाही. १९२७ साली पुण्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सुदाम्याच्या लेखांतून फलज्योतिषाची थट्टा करणाऱ्या या माणसाने 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथही लिहिला होता. ग्रहांच्या नावाने लोकांना भिववणं वेगळं आणि ग्रहांचं गणित मांडणं वेगळं, हा फरक त्यांना चांगला कळत होता. १ जून १९३४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. 'आत्मवृत्त' हे त्यांचं आत्मचरित्र त्यानंतर प्रसिद्ध झालं.

पण नाटकं हळूहळू रंगभूमीवरून उतरली. कृत्रिम कथानकं आणि कोट्यांनी लगडलेली भाषा नव्या प्रेक्षकाला जड वाटू लागली. सुदाम्याचं वेगळंच झालं. ज्या रूढींवर तो हसवत होता, त्यांतल्या बऱ्याच मागे पडल्या. थट्टा कशाची चालली आहे हेच कळलं नाही, तर हसणार तरी कसं? विनोदी लेखकाची ही कायमची अडचण आहे. त्याने ज्या गोष्टीविरुद्ध लढा दिला ती संपली, की त्याचं लेखनही जुनं होतं.

शिष्यांनी मात्र पात्रांना विषयातून सोडवून माणसांत नेलं. पात्रं तगली आणि त्यांना पहिल्यांदा बोलायला लावणारा मागे राहिला.

कॉमिक्सच्या जगात निदान मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर मूळ निर्मात्याचं नाव छापण्याची पद्धत रुजली. तीही सहज नाही. बॅटमॅन १९३९ साली आला, पण बॉब केनच्या बरोबरीने तो घडवणाऱ्या बिल फिंगरचं नाव अधिकृत श्रेयात यायला २०१५ साल उजाडावं लागलं. मराठी विनोदात अशी श्रेयाची पाटी कधी लागलीच नाही. तिथे श्रेय दिलं ते शिष्यांनी, गुरू म्हणून नाव घेऊन.

पुराणातल्या सुदाम्याचे पोहे मूठभर होते आणि ते एकट्या कृष्णाने खाल्ले. कोल्हटकरांच्या सुदाम्याचे पोहे मात्र गडकऱ्यांनी खाल्ले, जोशींनी खाल्ले, आणि त्यांच्यामागून आलेल्या सगळ्या पंगतीला पुरले.